‘जेसन’ आणि त्याची मालकीण

लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये विमानांच्या दालनात गर्द हिरव्या रंगाचे एक छोटेखानी विमान आहे. एकावर एक असे दोन पंख, नाकावर लाकडी प्रॉपेलर, बसायला वरून उघड्या असलेल्या दोन जागा. अंगावर जी-एएएएच ही नोंदणीची अक्षरे आणि पुढच्या बाजूला रंगवलेले ‘जेसन’ हे नाव. आसपासच्या यंत्रांच्या गर्दीत ते एखाद्या खेळण्यासारखे वाटते. या पंखांचा विस्तार सगळा मिळून ३० फुटांचा आणि अंग म्हणजे लाकडाचा सांगाडा. पंखांवर आहे ते ताणून बसवलेले आणि रोगण फासलेले कापड.

याच विमानातून १९३० च्या मे महिन्यात २६ वर्षांची एक तरुणी एकटीच लंडनहून ऑस्ट्रेलियाला गेली. सुमारे ११ हजार मैलांचा तो प्रवास होता. सोबतीला कुणी नाही, रेडिओ नाही, हवामानाचा धड अंदाज नाही. तिचे नाव ॲमी जॉन्सन. त्या वर्षी जगभरच्या वर्तमानपत्रांनी तिच्या धाडसाचे गोडवे गायले. तिच्यावर गाणी निघाली, मुलींची नावे ठेवली गेली. ते धाडस खरेच होते. पण या विमानाचा इतिहास पाहू लागले, की धाडसाच्या मागे असलेली आणखी एक गोष्ट हाती लागते. ती म्हणजे तेलाने माखलेले हात.

मासळीच्या व्यापाऱ्याची लेक

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हल नावाचे बंदर आहे. तिथे १ जुलै १९०३ रोजी ॲमीचा जन्म झाला. वडील मासळीचे मोठे व्यापारी, घरची स्थिती चांगली. चार बहिणींत ही थोरली. शेफिल्ड विद्यापीठातून तिने पदवी घेतली. त्या काळी व्यापाऱ्याच्या मुलीने इतके शिकणे हीच मोठी गोष्ट होती, पण पुढे काय, हा प्रश्न पदवीने सुटला नाही. टंकलेखन शिकून तिने नोकऱ्या धरल्या. एका स्विस तरुणावर तिचे मन जडले होते. काही वर्षे पत्रव्यवहार चालला आणि शेवटी त्याने दुसरीशी लग्न केले. हल सोडून ॲमी लंडनला आली आणि एका वकिलाच्या कचेरीत सेक्रेटरी म्हणून काम करू लागली.

लंडनच्या उत्तरेला स्टॅग लेन नावाचा विमानतळ होता. डी हॅविलँड कंपनीचा कारखाना तिथेच होता आणि लंडन एअरोप्लेन क्लबही. १९२८ च्या सप्टेंबरात ॲमीने त्या क्लबात पहिला धडा घेतला. ही मुलगी उपजत वैमानिक मुळीच नव्हती. साधारण आठ-दहा तासांच्या शिक्षणानंतर विद्यार्थी एकटे विमान चालवू लागत. ॲमीला एकटीने विमान उडवण्याची परवानगी मिळायला जवळजवळ १६ तासांचे शिक्षण घ्यावे लागले. तिचे विमान उतरवणे तर बराच काळ कच्चेच राहिले. पुढे तिच्या प्रवासात जे अपघात झाले, त्यांतले बरेचसे उतरतानाच झाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

याच सुमारास घरात मोठा आघात झाला. तिच्या पाठच्या बहिणीने, आयरीनने, १९२९ च्या उन्हाळ्यात स्वतःचे जीवन संपवले. ॲमीने त्याच दिवसांत वैमानिकाचा परवाना मिळवला आणि ती दुसऱ्या परवान्याच्या मागे लागली. हा दुसरा परवाना म्हणजे विमानाच्या देखभालीचा आणि दुरुस्तीचा.

क्लबाच्या हँगरमध्ये जॅक हम्फ्रीज हे मुख्य मेकॅनिक होते. सुरुवातीला तिथल्या माणसांना या पदवीधर पोरीचे येणे-जाणे विचित्रच वाटले असणार. पण ती सकाळी कचेरीच्या आधी यायची आणि संध्याकाळी कचेरी सुटल्यावर पुन्हा हजर व्हायची. इंजिन उतरवायचे, व्हाल्व्ह घासायचे, प्लग साफ करायचे, फाटलेल्या पंखाला कापडाचे ठिगळ लावून वर रोगण द्यायचे, ही सगळी कामे ती हम्फ्रीजच्या हाताखाली शिकली. हँगरमध्ये तिचे नाव पडले ‘जॉनी’. १९२९ च्या अखेरीस तिला ग्राउंड इंजिनिअरचा परवाना मिळाला. हा परवाना मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. वैमानिक स्त्रिया तेव्हा इंग्लंडमध्ये बऱ्याच होत्या, पण त्यांतल्या अनेकजणी श्रीमंत घरच्या. विमान खाली आले, की पुढचे काम नोकरमाणसांचे. ॲमीचा मार्ग वेगळा पडला तो इथे.

जुने विमान, नवे नाव

ऑस्ट्रेलियाला एकटीने जायचे हे ॲमीच्या मनाने घेतले तेव्हा तिचा सर्वांत लांबचा प्रवास होता लंडन ते हल. म्हणजे आपल्याकडे मुंबईहून निघून अहिल्यानगर गाठावे, त्याहून थोडा अधिक. १९२८ साली बर्ट हिंकलर या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने हे अंतर साडेपंधरा दिवसांत कापले होते. तो विक्रम मोडायचा, असा तिचा मनसुबा होता. पैशासाठी तिने अनेकांचे दरवाजे ठोठावले. बहुतेकांनी तिला वाटेला लावले. शेवटी नागरी विमानवाहतूक खात्याचे संचालक सर सेफ्टन ब्रँकर यांनी तिची गाठ तेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफिल्ड यांच्याशी घालून दिली. विमानाचे निम्मे पैसे वेकफिल्डनी दिले, निम्मे वडिलांनी.

६०० पौंडांत मिळाले ते विमान वापरलेले होते. डी हॅविलँड कंपनीने १९२८ साली स्टॅग लेनलाच बांधलेले हे ‘जिप्सी मॉथ’. कंपनीचे संस्थापक जेफ्री डी हॅविलँड यांना फुलपाखरे आणि पतंग गोळा करण्याचा छंद होता, म्हणून त्यांनी या जातीच्या विमानांना पतंगाचे नाव दिले. कीटकातला पतंग जसे पंख मिटतो तसे याचेही पंख मागे दुमडता येत. त्यामुळे ते साध्या शेडमध्येही मावे. शंभर अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन, वेग ताशी सुमारे ८५ मैल. आज आपल्या महामार्गावरून भरधाव जाणारी एखादी मोटार त्याला सहज गाठील. पहिल्या मालकाने लांबच्या प्रवासासाठी त्यात जादा टाक्या बसवून घेतल्या होत्या. ॲमीला नेमके तेच हवे होते. त्या टाक्यांतले पेट्रोल हाताने पंप मारून वर चढवावे लागे आणि त्याच्या वासाने जीव घुसमटून जाई.

विमानाला तिने गर्द हिरवा रंग दिला, चंदेरी अक्षरे काढली आणि ‘जेसन’ नाव ठेवले. ग्रीक पुराणातला सोनेरी लोकरीच्या शोधात निघालेला तो जेसन, हे तर खरेच. पण वडिलांच्या मासळीच्या मालावर जो छाप असे, तोही ‘जेसन’चाच. घरच्या धंद्याची पाटीच एक प्रकारे आकाशात निघाली होती.

क्रॉयडन ते कराची

५ मे १९३० च्या सकाळी क्रॉयडन विमानतळावर निरोपाला वडील आणि चार ओळखीची माणसे होती. इंधनाने जड झालेले विमान पहिल्या खेपेला धावपट्टीवरून उठलेच नाही. दुसऱ्या खेपेला कसेबसे कुंपणावरून पार झाले. बाजूला एक जादा प्रॉपेलर बांधलेला, आत हत्यारे, इंजिनाचे सुटे भाग, मच्छरदाणी, उन्हाची टोपी आणि एक पिस्तूल.

पहिली रात्र व्हिएन्ना, दुसरी कॉन्स्टंटिनोपल, तिसरी अलेप्पो. टॉरस पर्वतात ढगांनी वाट अडवली तेव्हा तिने दऱ्यांमधून, कड्यांना जवळजवळ घासत विमान काढले. बगदादच्या आधी वाळूचे वादळ उठले. एकाएकी विमान खाली खेचले गेले आणि तिने ते तशा अंधारल्या वाळवंटातच टेकवले. वाऱ्याने विमान उलटू नये म्हणून चाकांपुढे सामान रचले, इंजिनात वाळू जाऊ नये म्हणून ते झाकले आणि पिस्तूल हाती घेऊन ती वादळ ओसरण्याची वाट पाहत बसली. नंतर पुन्हा इंजिन सुरू करून तिने बगदाद गाठले. तिथे आणि पुढे बंदर अब्बासलाही चाकांच्या आधाराची मोडतोड झाली. रात्री दुरुस्ती, पहाटे उड्डाण, असा क्रम ठरूनच गेला. दिवसभर हवेत काढून उतरल्यावरही तिला झोप नव्हती. इंजिन तपासायचे, तेल बदलायचे, गाळण्या साफ करायच्या, पेट्रोल भरायचे आणि मग जे दोन-तीन तास उरतील ते आपले.

१० मे रोजी ती कराचीत उतरली. सहा दिवसांत इंग्लंडहून हिंदुस्थान! हिंकलरच्या वेळापेक्षा ती दोन दिवस पुढे होती. निघताना जिच्याकडे कुणी ढुंकून पाहिले नव्हते, ती आता रोज पहिल्या पानावर झळकू लागली.

योगायोग पाहा. त्याच मे महिन्यात याच मार्गावर आपली मुलेही ‘जिप्सी मॉथ’ घेऊन उडत होती. एकट्याने इंग्लंड ते हिंदुस्थान हे अंतर कापणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकासाठी आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. मुंबईच्या फ्लाइंग क्लबात शिकलेले जे. आर. डी. टाटा ३ मे रोजी कराचीहून लंडनकडे निघाले होते आणि अस्पी इंजिनिअर लंडनहून कराचीकडे. वाटेत इजिप्तमध्ये दोघांची भेट झाली. अस्पींचे विमान प्लगवाचून अडले होते, टाटांनी आपल्याजवळचा जादा प्लग त्यांना देऊन टाकला. बक्षीस अस्पींना मिळाले. ॲमीपेक्षा जे. आर. डी. एका वर्षाने लहान. दोनच वर्षांनी, १९३२ च्या ऑक्टोबरात, त्यांनी कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहूला विमान उतरवले आणि आपल्याकडच्या विमानसेवेची सुरुवात झाली. त्या पिढीला आकाशाचे वेड लावण्यात या दोनपंखी ‘मॉथ’चा वाटा फार मोठा आहे.

झाशीचे कवायतीचे मैदान

कराचीहून अलाहाबाद गाठण्याचा ॲमीचा बेत होता. पण समोरून वारा लागला, पेट्रोल संपत आले आणि अलाहाबाद दिसेना. शेवटी लष्कराच्या छावणीतले कवायतीचे मैदान पाहून तिने विमान खाली घेतले. ते गाव निघाले झाशी. छावणीतली माणसे धावली तोवर विमान मैदान ओलांडून इमारतींपर्यंत गेले होते आणि एका पंखाला दुखापत झाली होती. रात्रीतून पंख दुरुस्त झाला. दुसऱ्या दिवशी अलाहाबादला इंधन घेऊन ती कलकत्त्याला पोचली.

खरी परीक्षा पुढे होती. मे महिन्यात ब्रह्मदेशात पाऊस सुरू होतो. रंगूनचे रेसकोर्स समजून तिने मुसळधार पावसात जवळच्या इन्सीन गावातल्या तंत्रशाळेच्या मैदानावर विमान उतरवले. मैदान लहान पडले आणि विमान चरात जाऊन आदळले. प्रॉपेलर तुटला, चाकांचा आधार मोडला, पंख फाटला. विक्रमाची आशा इथेच संपली.

पण ज्या मैदानात ती चुकून उतरली, ती शाळा तंत्रशिक्षणाची होती. शिक्षक आणि विद्यार्थी कामाला लागले. लोखंडी भाग तिथल्याच कारखान्यात घडवले गेले, लाकडाचे काम झाले. पंखाला कापड हवे होते. महायुद्धानंतर उरलेले विमानाचे कापड तिथल्या बाजारात विकले गेले होते आणि लोकांनी त्याचे शर्ट शिवले होते. ते शर्ट उसवून त्यांच्या पट्ट्या पंखावर चढल्या. वर लावायचे रोगण गावातल्या औषधविक्याने तयार करून दिले. बरोबर आणलेला जादा प्रॉपेलर तिने बसवला. तिसऱ्या दिवशी ‘जेसन’ पुन्हा उडायला तयार झाले. १६ मे रोजी तिने रंगून सोडले.

पुढे बँकॉक, सिंगोरा, सिंगापूर. जावा बेटावर वादळामुळे ती एका साखर कारखान्याच्या आवारात उतरली. तिथे जमिनीत रोवलेल्या बांबूच्या खुंट्यांनी पंखांना भोके पाडली. ती तिने चिकटपट्टीने बुजवली. जखमेवर लावायची साधी चिकटपट्टी! तिमोर बेटावर अंधार पडताना ती वारुळांनी भरलेल्या मोकळ्या जागेत उतरली. त्या रात्री तिचा पत्ता न लागल्याने जगभर काळजी पसरली. गावकरी आणि तिथला पाद्री यांनी तिला सांभाळले होते.

उरला होता तिमोरचा समुद्र. ५०० मैल नुसते पाणी आणि त्यावर एका इंजिनाचे, ठिगळे लावलेले विमान. वाटेत मदतीसाठी एक तेलवाहू जहाज उभे होते. त्याला पाहून तिने सुटकेचा श्वास टाकला असेल. २४ मे १९३० रोजी दुपारी चारच्या सुमारास ‘जेसन’ डार्विनला उतरले. साडेएकोणीस दिवस लागले होते. हिंकलरचा विक्रम तसाच राहिला. पण इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने जाणारी पहिली स्त्री म्हणून ॲमीचे नाव कायमचे नोंदले गेले.

हारतुरे आणि थकवा

यानंतर जे झाले त्याची तयारी मात्र कुठल्याही हँगरमध्ये होत नाही. ऑस्ट्रेलियाने तिला डोक्यावर घेतले. पाचच दिवसांनी ब्रिस्बेनला उतरताना मैदान पुरले नाही आणि प्रचंड गर्दीसमोर ‘जेसन’ उलटले. ती वाचली, पण थकव्याने पुरती गळून गेली होती. पुढचा प्रवास तिने दुसऱ्यांच्या विमानातून केला. ऑगस्टमध्ये ती लंडनला परतली तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा लाखो माणसे उभी होती. राजाने सन्मान दिला. ‘डेली मेल’ने १० हजार पौंड दिले आणि गावोगाव सत्काराचे दौरे आखले. ते दौरे तिला झेपले नाहीत. प्रकृती बिघडल्याने ते अर्ध्यावर सोडावे लागले. ‘जेसन’ म्युझियममध्ये विसावले. मालकिणीच्या नशिबी विसावा नव्हता.

१९३१ मध्ये ती हम्फ्रीजना बरोबर घेऊन मॉस्कोमार्गे टोकियोला गेली. १९३२ साली तिने जिम मॉलिसन या नामांकित वैमानिकाशी लग्न केले आणि त्याच वर्षी केपटाऊनपर्यंतचा त्याचा विक्रम सुमारे दहा तासांनी मोडला. १९३३ मध्ये नवरा-बायकोने मिळून अटलांटिक ओलांडला, पण अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरताना विमान मोडले. १९३४ च्या इंग्लंड-ऑस्ट्रेलिया शर्यतीत दोघे सर्वांच्या पुढे कराचीत पोचले होते. पुढे वाट चुकून जबलपूरला उतरावे लागले, तिथे साधे पेट्रोल भरावे लागले आणि इंजिनाने मान टाकली. अलाहाबादला शर्यत सोडावी लागली. चार वर्षांपूर्वी याच मुलखातून ती ठिगळांच्या विमानातून पार झाली होती. मॉलिसनच्या पिण्याने आणि चंचल स्वभावाने संसारही टिकला नाही. १९३८ साली घटस्फोट झाला. विक्रमांचे दिवसही सरले होते.

मग महायुद्ध आले. १९४० मध्ये ॲमी ‘एअर ट्रान्स्पोर्ट ऑक्झिलरी’ या संघटनेत दाखल झाली. तिथल्या वैमानिकांचे काम म्हणजे लढाऊ विमाने कारखान्यातून तळावर आणि एका तळावरून दुसऱ्या तळावर नेऊन पोचवणे. जिच्यासाठी एके काळी लंडन लोटले होते, ती आता बाकीच्यांसारखीच मिळेल ते विमान घेऊन नेमून दिलेल्या जागी पोचवत होती. इथे हारतुरे नव्हते, पण काम होते.

५ जानेवारी १९४१ रोजी तिने ब्लॅकपूलहून ‘ऑक्सफर्ड’ जातीचे विमान उचलले. ते ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टनला न्यायचे होते. आकाश ढगांनी भरलेले होते. काही तासांनी, आपल्या मार्गापासून कितीतरी दूर, टेम्स नदीच्या मुखाशी समुद्रावर एक पॅराशूट उतरताना युद्धनौकांवरच्या खलाशांनी पाहिले. पाणी बर्फासारखे गार होते. ‘हेझलमिअर’ या बोटीचे कप्तान वॉल्टर फ्लेचर यांनी स्वतः पाण्यात उडी घेतली. ॲमी हाती लागली नाही आणि त्या थंडीने फ्लेचर यांचाही प्राण गेला. तिचे काही सामान तेवढे सापडले. वय होते ३७. तिचा देह कधीच मिळाला नाही, त्यामुळे तिची समाधी कुठेही नाही.

हल शहरात तिचा पुतळा आहे. सिडनीच्या शाळकरी मुलांनी तिला सोन्याची नाणी भेट दिली होती. त्यांतून तिने एक सुवर्णचषक करवून हल शहराला दिला. तो शौर्य दाखवणाऱ्या मुलांसाठी होता. आणि लंडनच्या त्या दालनात ‘जेसन’ आहे.

शाळेतली मुले ते विमान पाहायला येतात तेव्हा मोठी माणसे त्यांना एकट्या निघालेल्या धाडसी मुलीची गोष्ट सांगतात. तीत थोडी भर घालायला हवी. त्या १९ दिवसांत ‘जेसन’ला बगदाद, बंदर अब्बास, झाशी, इन्सीन आणि जावा इथल्या अनोळखी माणसांचे हात लागले आहेत. आणि त्यांच्या आधी, सकाळ-संध्याकाळ स्टॅग लेनच्या शेडमध्ये प्लग घासत बसलेल्या एका टंकलेखिकेचे हात. विमान उतरवणे जिला शेवटपर्यंत नीटसे साधले नाही, ती डार्विनला पोचली, कारण मोडलेले पुन्हा जोडून उडायला ती आधीच शिकली होती.